दुसरी खूण : चलनातली टांकसाळी चुकीची नाणी शोधावी, पारखावी आणि जपावी कशी

सुट्या पैशांत एखादे नाणे विचित्र दिसले की पहिला प्रश्न एकच विचारायचा. हे नाणे टांकसाळीतूनच असे बाहेर पडले, की बाहेर आल्यावर कुठल्या यंत्रात, चाकाखाली, मातीत किंवा कुणाच्या हातून असे झाले? पहिल्या प्रकाराला संग्राहक एरर म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे नुसते खराब झालेले नाणे. बाहेरून दोन्ही सारखीच चमत्कारिक दिसू शकतात, आणि नवा संग्राहक पहिल्या वर्षी गोळा करतो त्यातली बहुतेक नाणी दुसऱ्या प्रकारातली निघतात.

यावर भरवशाची एक कसोटी आहे. टांकसाळीतली प्रत्येक क्रिया ठरलेल्या क्रमाने होते आणि धातू एका जागी हलला की त्याचा परिणाम दुसऱ्या जागीही उमटतो. त्यामुळे खऱ्या चुकीची बहुधा दुसरी खूणही असते: समोरच्या कडेवर, मागच्या बाजूला, वजनात, नाहीतर त्याच डायने, म्हणजे छाप उमटवणाऱ्या पोलादी ठशाने, पाडलेल्या दुसऱ्या नाण्यावर. पहिली खूण सगळ्यांनाच दिसते. पारख करायची ती दुसरीची, आणि पुढची सगळी पद्धत याच पायावर उभी आहे.

आधी नाणे घडते कसे ते

धातूची लांब पट्टी लाटून ठरावीक जाडीची करतात. पंच त्या पट्टीतून गोल चकत्या पाडतो. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, सुकवतात. मग त्या एका यंत्रातून कडेने दाबत फिरवतात. त्याने चकतीच्या काठाला बारीक उंचवटा येतो आणि तोच पुढे नाण्याचा कंगोरा होतो. शेवटी चकती कॉलर नावाच्या पोलादी कड्यात बसते आणि वरच्या व खालच्या डायमध्ये दाबली जाते. धातू डायच्या खोलगट भागांत शिरतो, बाजूला पसरू लागतो, पण कॉलर त्याला अडवते. नाण्याच्या कडेवरच्या उभ्या खाचा याच कॉलरच्या आतल्या खाचांमुळे उमटतात.

चुकीच्या जागाही तीनच: चकती, डाय आणि छाप मारण्याचा क्षण. नाणे हातात घेतले की दोष या तिघांपैकी कुठे झाला असेल हे मनाशी ठरवा. ते सांगताच येत नसेल, तर नाणे बहुधा नंतर खराब झालेले आहे.

एक नियम तोंडपाठ असू द्या. डायवर जे खोल असते ते नाण्यावर उठावाने येते. डायला तडा गेला तर धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ दिसते. ओरखडा मात्र नाण्यात खोल असतो आणि त्याच्या कडेला बाजूला सरकलेल्या धातूची धार बोटाला लागते. याला अपवाद आहेत. डाय आणि चकतीच्या मध्ये दोरा, कापडाचा तुकडा किंवा धातूचा कीस सापडला तर त्याचा खोल ठसा उमटतो. पण त्या ठशाच्या कडा दाबल्यासारख्या गुळगुळीत असतात, खरवडल्यासारख्या नसतात.

लागणारी साधने

दहा पट मोठे दाखवणारे चांगले भिंग पुरते. ते डोळ्याजवळ धरा आणि नाणे भिंगापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर आणा. भिंग नाण्याजवळ आणि डोळा लांब ठेवला तर दृष्टिक्षेत्र आक्रसते आणि कडेची अक्षरे वेडीवाकडी दिसतात. मोबाइलला जोडायचा सूक्ष्मदर्शक फोटो काढायला ठीक, शोधायला नाही. पन्नास किंवा शंभर पटीत प्रत्येक नाण्यावर काहीतरी दिसतेच, आणि त्यातूनच नसलेल्या चुका सापडू लागतात. दहा पटीत दिसत नाही ती चूक सहसा जमवण्याजोगी नसते.

काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. सोबत प्रमाणित वजन ठेवा आणि दर बैठकीच्या सुरुवातीला काटा त्याच्याशी ताडून घ्या. वजन करताना पंखा बंद ठेवा. व्यास आणि जाडीसाठी डिजिटल कॅलिपर लागेल. प्लास्टिकच्या जबड्यांचा मिळाला तर उत्तम, कारण पोलादी जबड्यांचे व्रण नाण्यावर कायमचे राहतात. याशिवाय एक छोटे पण जोरदार चुंबक, एकच बल्ब असलेला टेबलदिवा, खाली अंथरायला जाड मऊ कापड आणि कोनमापक घ्या.

सगळ्यात महत्त्वाचे साधन मात्र फुकट मिळते. तपासायच्या नाण्याच्याच मूल्याची, वर्षाची आणि टांकसाळीची पाच साधी नाणी. संशय आला की तुलना यांच्याशी करायची. पुस्तकातल्या आकड्यांशी ताडण्याआधी साध्या नाण्याशी ताडले तर निम्मे संशय तिथेच मिटतात.

काय सापडेल, काय सापडणार नाही

टांकसाळीत नाणी चाळण्यांतून जातात, मोजणीयंत्रांतून जातात. आकाराने मोठी, वाकडी, अर्धवट छापलेली नाणी तिथेच बाजूला पडतात. जी निसटतात त्यांतली बरीच पुढे नाणी मोजण्याच्या आणि गुंडाळण्याच्या यंत्रांत अडकतात. त्यामुळे मध्याबाहेर छापलेले नाणे मिळण्याची शक्यता न उघडलेल्या नव्या पिशवीत किंवा रोलमध्ये जास्त, हातोहात फिरलेल्या सुट्या पैशांत फार कमी. ज्या चुकांनी व्यास आणि जाडी बिघडत नाही त्या मात्र वर्षानुवर्षे बिनबोभाट फिरत राहतात. डायचे तडे, वंगणाने बुजलेली अक्षरे, फिरलेल्या डाय, दुहेरी डाय, लहान कापलेल्या चकत्या आणि कधीतरी म्यूल, म्हणजे चुकून जुळलेल्या दोन वेगळ्या डायचे नाणे. चलनात शोधणाऱ्याने नजर यांच्यासाठीच तयार करावी.

आणि काही गोष्टी चूक नसतातच. अमेरिकन नाण्यांवरची पी आणि डी ही फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर टांकसाळींची अक्षरे आहेत. भारतीय नाण्यांवर वर्षाखाली येणारी पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण मुंबईची, तारा हैदराबादचा आणि ठिपका नोएडाचा. खूण नसणे हीसुद्धा काही टांकसाळींची रीत असते. ‘दुर्मीळ खुणेचे नाणे’ म्हणून ज्याचे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक वेळा हेच.

तपासणीचा क्रम

एका वेळी एकाच मूल्याची शंभर नाणी घ्या. वेगवेगळी मूल्ये मिसळली तर डोळा ‘साधे कसे दिसते’ ते विसरतो, आणि वेगळेपण टिपण्याची सगळी ताकद त्या आठवणीत असते.

पहिल्यांदा कड. वीस-वीस नाण्यांच्या उतरंडी लावा आणि बाजूने पाहा. वेगळ्या रंगाची, पातळ, बाहेर आलेली किंवा खाचा नसलेली कड लगेच उठून दिसते. दोन उतरंडींची उंची एकमेकींशी ताडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. अमेरिकेच्या २००७ च्या जॉर्ज वॉशिंग्टन डॉलरच्या कडेवरची अक्षरे छापानंतर वेगळ्या यंत्रात उमटवली जात होती. अनेक नाणी त्या यंत्रात न जाताच बाहेर पडली. दोन्ही बाजू अगदी बरोबर आणि कड कोरी! ज्यांनी फक्त समोरून पाहिले त्यांच्या हातून ती निसटली.

मग सगळी नाणी दर्शनी बाजू वर करून, चित्र सरळ ठेवून दहा-दहाच्या ओळींत मांडा. दिवा डावीकडून, घड्याळात दहा वाजतात त्या दिशेने, तिरपा आणि खाली ठेवा. वरून सरळ पडणाऱ्या उजेडात उठाव आणि खोली सारखीच दिसते. प्रत्येक नाणे एकेकदा उचलून उजेडात किंचित फिरवा: आधी वर्ष, मग अक्षरे, मग चेहऱ्याची किंवा मुख्य चित्राची कडा, शेवटी कंगोरा. क्रम दर वेळी तोच ठेवा.

त्यानंतर उलटवणे. इथेच फिरलेली डाय सापडते. ब्रिटिश आणि युरो नाण्यांत दोन्ही बाजूंच्या चित्रांचे वरचे टोक एकाच दिशेला असते. अशी नाणी बारा आणि सहाच्या जागी धरून आडवी फिरवली की मागचे चित्र सरळ दिसते. अमेरिकन नाण्यांत ते उलट असते, म्हणून ती तीन आणि नऊच्या जागी धरून वरून खाली फिरवायची. आपण तपासतो त्या नाण्याची रीत कोणती हे पाच साध्या नाण्यांवरून आधी ठरवून घ्या. शंभर नाणी एकाच पद्धतीने उलटवली की तिरके चित्र आपोआप खुपते.

दोनशे-तीनशे नाण्यांनंतर थांबा. थकलेला डोळा चुका सोडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे नसलेल्या चुका पाहू लागतो. संशयित नाणी वेगळी काढून दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने पाहिली की त्यातली बरीच साधी निघतात.

चकतीच्या चुका

पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा गायब होतो. पट्टीच्या टोकाशी पंच बसला तर कापलेली बाजू सरळ किंवा फाटल्यासारखी असते. दुसरी खूण कापलेल्या भागाच्या बरोबर समोर शोधायची. तिथला कंगोरा कमजोर किंवा पुसट असतो. कंगोरा उचलणाऱ्या यंत्रात चकतीवर एका वेळी समोरासमोरच्या दोन जागी दाब पडतो, आणि एका जागी धातूच नसेल तर समोरही पुरता दाब बसत नाही. याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. शिवाय कापलेल्या भागाजवळची अक्षरे त्या दिशेने किंचित ओढल्यासारखी, निमुळती झालेली दिसतात. धातू रिकाम्या बाजूला वाहतो म्हणून असे होते. कानशीने किंवा कातरीने कापलेल्या नाण्यात अक्षर चक्क मध्येच तुटते, काप चकचकीत किंवा रेघाळ असतो आणि समोरचा कंगोरा पूर्ण भरलेला असतो. फार लहान कापात ब्लेक्सली परिणाम दिसेलच असे नाही. तिथे अक्षरांच्या ओढीवर आणि वजनावर भिस्त ठेवावी.

थर असलेल्या नाण्यांत एका बाजूचा थर निखळलेला असू शकतो. अमेरिकन पाव डॉलरचा गाभा तांब्याचा आणि दोन्ही बाजूंना तांबे-निकेलचे थर. एक बाजू तांबूस दिसली की लगेच वजन करा. साधे नाणे ५.६७ ग्रॅमचे असते आणि त्यात ०.२२७ ग्रॅम कमी-जास्त चालते. प्रत्येक थर जाडीच्या साधारण सहाव्या हिश्शाचा असल्याने खरोखर थर गेलेले नाणे या मर्यादेच्या बरेच खाली जाते. वजन पूर्ण भरले तर तांबूस रंग मातीचा, रसायनाचा किंवा उष्णतेचा. जमिनीत पडून राहिलेल्या नाण्यांनी या बाबतीत जितकी फसगत होते तितकी दुसऱ्या कशानेही होत नाही.

दुसऱ्याच मूल्याच्या किंवा धातूच्या चकतीवर छाप पडली तर वजन त्या चकतीच्या वजनाशी तंतोतंत जुळायला हवे. नुसते ‘थोडे कमी’ भरले तर उपयोग नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे १९४३ चे एक सेंट. युद्धकाळात तांबे वाचवण्यासाठी त्या वर्षी ही नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडली गेली, वजन २.७० ग्रॅम. आधीच्या ब्राँझच्या काही चकत्या यंत्रात उरल्या आणि त्यांवरही छाप पडली. त्यांचे वजन ३.११ ग्रॅम. पोलादी नाण्यांना तांब्याचा मुलामा देऊन या ब्राँझ नाण्यांची नक्कल सर्रास होते. चुंबक लावले की ही नकली नाणी लगेच चिकटतात.

डायच्या चुका

चलनात सगळ्यात जास्त सापडतात त्या याच. एकाच डायने हजारो नाणी पडतात, म्हणून इथे दुसरी खूण दुसऱ्या नाण्यावर मिळते: तोच तडा, त्याच जागी, त्याच वळणाचा. एकाच पिशवीतली नाणी बरेचदा जवळजवळच्या वेळी पाडलेली असतात. एक सापडले की उरलेली पिशवी त्याच एका गोष्टीसाठी पुन्हा पाहावी.

तडा वाढत जाऊन डायच्या काठाचा तुकडा पडला तर नाण्यावर कंगोऱ्याला चिकटून, कुठलेही चित्र नसलेला धातूचा गोळा उभा राहतो. याला ‘कड’ म्हणतात, पण तो इंग्रजी शब्द आहे (cud). मराठी कडेशी त्याचा संबंध नाही. दुसरी खूण बरोबर मागे. तिथला धातू पुढच्या पोकळीत गेल्यामुळे मागची अक्षरे किंवा कंगोरा पुसट असतो. मागची बाजू ठसठशीत असेल तर तो गोळा डिंकाचा, झाळाचा किंवा बाजूने ठोकून वर आणलेला धातू असण्याची शक्यता जास्त.

बुजलेली अक्षरे वंगण आणि धुळीमुळे येतात. डायचे खोल अक्षर भरले की नाण्यावर ते अर्धवट उमटते किंवा येतच नाही. शेजारची अक्षरे पाहा. खऱ्या प्रकारात ती हळूहळू पुसट होत जातात आणि अक्षराच्या जागेचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच असतो. खरवडून काढलेल्या अक्षराच्या जागी तिरप्या उजेडात खळगा किंवा वेगळी चमक दिसते.

डाय जास्त घासली गेली तर उथळ तपशील नाहीसे होतात. डेन्व्हर टांकसाळीच्या १९३७ च्या पाच सेंटच्या नाण्यावरचा बायसन (अमेरिकी रानगवा) तीन पायांचा झाला तो असाच. साध्या नाण्याचा पाय खरवडून नक्कल करणारे पुष्कळ आहेत. पण अस्सल नाण्यावर पोटाखालून जमिनीकडे उठावाच्या बारीक ठिपक्यांची ओळ जाते, आणि ती खरवडून तयार करता येत नाही. दुसऱ्या खुणेचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

आता दुहेरी डाय. या विषयावर जरा थांबायला हवे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डाय तयार करताना हब नावाचा उठावाचा मूळ ठसा तिच्यात दाबतात. पूर्वी हा दाब एकापेक्षा अधिक वेळा द्यावा लागे. दुसऱ्या वेळी हब किंचित फिरलेला असेल तर डायवर अक्षरे दुहेरी कोरली जात. अमेरिकेच्या १९५५ च्या एक सेंटवर वर्ष आणि अक्षरे इतकी सरकलेली आहेत की भिंगही लागत नाही. आता बऱ्याच ठिकाणी एकाच दाबात डाय तयार होते, म्हणून नव्या नाण्यांत दुहेरीपणा आढळला तर तो सहसा मध्याजवळ आणि लहान असतो.

याच्याशी गल्लत होते ती यंत्रदुहेरीची. छाप मारून झाल्यावर सैल डाय किंचित हलते आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराची बाजू दाबून सपाट करते. फरक असा ओळखावा. खऱ्या दुहेरी डायमध्ये अक्षर मूळच्यापेक्षा जाड होते, दोन्ही प्रतिमा गोलसर उठावाच्या असतात आणि अक्षराच्या टोकाशी दुभंगलेली खाच दिसते. यंत्रदुहेरीत दुसरी प्रतिमा पायरीसारखी सपाट, खालच्या पातळीवर आणि चकचकीत असते. ती मूळ अक्षराचाच धातू ढकलून झालेली असल्याने मूळ अक्षर बारीक होते. म्हणून अक्षराच्या रेघेची जाडी साध्या नाण्याशी ताडा. वाढली असेल तर पुढे तपासा, घटली असेल तर सोडून द्या. जीर्ण डायनेही अक्षरांभोवती सुजल्यासारखी धूसर सावली येते. तिथे खाच नसते आणि आजूबाजूचा सपाट भागही खडबडीत, वाहिल्यासारखा असतो. या दोन्ही प्रकारांना संग्रहात फारसे स्थान नाही. खोके अशाच नाण्यांनी भरले की खरी सापडल्याचा आनंदही बोथट होतो.

फिरलेली डाय म्हणजे धारकात सैल होऊन वळलेली डाय. नाणे पारदर्शक गोल डबीत ठेवा, दर्शनी बाजू सरळ धरून डबीच्या वर-खाली खूण करा, योग्य दिशेने उलटवा आणि मागचे चित्र त्या खुणेपासून किती सरकले ते कोनमापकाने मोजा. दहा-पंधरा अंशांपर्यंतचा फरक सामान्य धरला जातो. नव्वदच्या पुढचा नक्की जपावा.

म्यूल म्हणजे कधी एकत्र यायला नकोत अशा दोन डायची जोडी. २००८ मध्ये ब्रिटनच्या वीस पेन्सच्या नाण्याचे रूप बदलले आणि वर्ष मागच्या बाजूवरून दर्शनी बाजूवर आले. काही नाण्यांना जुनी दर्शनी डाय आणि नवी मागची डाय लागली, आणि नाण्यावर वर्षच राहिले नाही. ऑस्ट्रेलियाच्या २००० च्या एक डॉलरच्या काही नाण्यांवर दहा सेंटची दर्शनी डाय लागली. ती डाय डॉलरच्या चकतीपेक्षा थोडी लहान, म्हणून त्या बाजूला दुहेरी कंगोरा दिसतो. नव्या रूपाची नाणी चलनात आली की पहिले वर्ष डोळ्यांत तेल घालून पाहावे. डायची अदलाबदल बरेचदा तेव्हाच होते.

चिलीच्या २००८ च्या पन्नास पेसोंच्या नाण्यावर देशाचे नावच चुकीचे कोरले गेले होते. अशा नाण्यांना जमवण्याजोगे मूल्य जरूर आहे, पण ती चूक यंत्राची नसून कोरणाऱ्याची. नोंदीत तसे स्पष्ट लिहावे.

छाप मारतानाच्या चुका

चकती नीट मध्ये बसली नाही तर छाप एका बाजूला पडते. किती टक्के सरकली हे लिहायचे आणि वर्ष दिसते का ते पाहायचे. पन्नास टक्के सरकून वर्ष पूर्ण दिसणारे नाणे सगळ्यात हवेसे. दुसरी खूण अशी की दोन्ही बाजूंची रिकामी चंद्रकोर एकमेकींच्या पाठीला पाठ लावून असते. एका बाजूचे चित्र अर्धे गायब आणि मागची बाजू पूर्ण, असे नाणे बहुधा घासलेले असते.

कॉलर खालीच अडकली तर नाणे पसरते. व्यास वाढतो, जाडी घटते, कड गुळगुळीत राहते, आणि वजन मात्र तेवढेच. चित्र स्वच्छ पण काठाकडे पसरलेले. चामड्यात गुंडाळून हातोडीने ठोकलेले नाणेही असेच पसरते, पण त्याची अक्षरे बोथट आणि फुगीर होतात.

ब्रॉकेज हा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात जास्त नकला होणारा प्रकार. छापलेले नाणे वरच्या डायला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर डायऐवजी त्या नाण्याची उघडी बाजू दाबली जाते. म्हणून खऱ्या ब्रॉकेजमध्ये दोन्ही बाजूंना एकच चित्र असते, एकीकडे उठावाचे सरळ, दुसरीकडे खोलगट आणि आरशातल्यासारखे उलटे. दोन नाणी शिकंज्यात (वाइसमध्ये) दाबून केलेल्या नकलेत खोल उलटी प्रतिमा नाण्याच्या मूळ चित्राच्या डोक्यावर बसलेली असते. मूळ चित्र चेपलेले पण शिल्लक दिसते. शिकंज्याच्या नकला अजूनही मोठ्या संख्येने विकल्या जातात, तेव्हा ही एक तपासणी कधी चुकवू नका.

दोन धातूंच्या नाण्यांत, म्हणजे युरो किंवा भारताच्या दहा रुपयांसारख्या नाण्यांत, गाभा सरकलेला किंवा नसलेला आढळतो. गाभा नंतर ढकलून पाडला असेल तर कड्याची आतली भिंत सरळ असते आणि तिच्यावर गाभा बसल्याचा वळ राहतो. छाप मारतानाच गाभा नव्हता तर धातू आत वाहून भोकाची कड गोलावलेली असते. गाभा काढून फिरवून पुन्हा बसवलेले नाणेही भेटते. गाभ्यावरून कड्यावर जाणाऱ्या रेषा जुळतात का ते दोन्ही बाजूंनी पाहिले की ते उघडे पडते.

दोन्ही बाजूंना छापा, दोन्ही उठावाचा आणि सरळ? ते जवळजवळ नेहमी जादूच्या प्रयोगांसाठी कातून जोडलेले नाणे असते. कंगोऱ्याच्या आतल्या बाजूने भिंग फिरवा, केसाएवढा सांधा सापडतो. सांध्यामुळे आवाजही बद्द येतो.

धातू ओळखायचा असेल तर

वजन आणि चुंबक यांवरून निकाल लागला नाही तर विशिष्ट गुरुत्व मोजा. कोरड्या नाण्याचे वजन घ्या. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला लहान पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. नाण्याला चिकटलेले बुडबुडे दोरा हलवून काढा. आता काट्यावर दिसते ते नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन. कोरडे वजन भागिले हा आकडा म्हणजे विशिष्ट गुरुत्व. ५.६७ ग्रॅमच्या नाण्याला ०.६४ आकडा आला तर उत्तर सुमारे ८.८६ येते, म्हणजे तांबे किंवा तांबे-निकेल. पोलादाचे ७.७ ते ८ च्या आसपास येते, जस्ताचे ७.१४, ॲल्युमिनियमचे २.७. काट्याचा ०.०१ ग्रॅमचा फरक लहान नाण्यात उत्तर दीड-दोन टक्क्यांनी हलवतो. म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या, आणि शेजारी साध्या नाण्याचेही मोजा.

आम्लात बुडवून पातळ केलेली नाणी वजनात हलकी आणि व्यासानेही किंचित लहान असतात. त्यांची अक्षरे सगळीकडून सारखी बारीक झालेली आणि पृष्ठभाग साबणासारखा दिसतो. पातळ चकतीवर खरोखर छापलेल्या नाण्याचा व्यास पूर्ण असतो, कारण तो कॉलर ठरवते.

नोंद आणि जतन

नाणे पाकिटात घालण्याआधी नोंद करा. मूल्य, वर्ष, टांकसाळ, वजन, व्यास तीन ठिकाणी मोजून, चुकीचा प्रकार, दोषाची जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, दुसरी खूण कुठे दिसली, कुठून आणि कधी मिळाले. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा एक असे तीन फोटो, सोबत साध्या नाण्याचाही. दुसऱ्या खुणेचा रकाना रिकामा राहिला तर ते नाणे ‘संशयित’ खोक्यात जाते, संग्रहात नाही.

नाणे घासू नका, पुसू नका, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पॉलिश काहीही लावू नका. घासलेल्या पृष्ठभागावर धातूच्या वाहण्याच्या नैसर्गिक रेषा राहत नाहीत, आणि अस्सलपणा ठरवताना तज्ज्ञ त्याच शोधतात. चिकटपट्टीचा डिंक किंवा तेल असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये दोन-तीन मिनिटे ठेवा, ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा विसळा आणि न पुसता वाऱ्यावर सुकू द्या. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. नखांचा रंग काढायचे द्रव चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो.

पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटे टाळा. काही वर्षांत त्यांतून निघणारा द्रव हिरवा चिकट थर सोडतो. मायलर या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट किंवा घट्ट प्लास्टिकची डबी वापरा. चौकटीला टाचण्या मारल्या तर त्यांची टोके चिमट्याने दाबून सपाट करा, नाहीतर त्या शेजारच्या नाण्याला ओरखडतात. मुलाम्याच्या पोलादी नाण्यांची आणि जस्ताच्या गाभ्याच्या नाण्यांची विशेष काळजी घ्या. चकती कापलेली असली की उघडा पडलेला धातू दमट हवेत तिथूनच गंजू लागतो. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती ओलसर झाली की बदला.

नाणे खरोखर मोठ्या तोलाचे वाटले तर पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या प्रमाणन संस्थांकडे पाठवता येते. त्या नाणे तपासून चुकीच्या नावासह सीलबंद डबीत घालतात. शुल्क, टपाल आणि विमा यांचा हिशेब आधी करा. बुजलेल्या अक्षराच्या किंवा लहान तड्याच्या नाण्यासाठी तो खर्च परवडत नाही. पाठवताना नोंदीची प्रत आणि तिन्ही फोटो स्वतःकडे ठेवा, आणि अर्जात चुकीचा प्रकार नेमका लिहा. नुसते ‘एरर’ लिहून पाठवलेल्या नाण्यावरची बारीक चूक तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटू शकते.